एकतीस नंबरचा लाल दिवा

दिवा लाल होता आणि जागा रिकामी होती.

यात भिण्यासारखं खरं तर काही नाही. यंत्र आहे, बिघडतं. पण बाजाराचा तो रस्ता असा, की एक गाडी हलायची खोटी, तीन गाड्या तिच्या जागेवर घारीसारख्या झडप घालायच्या. आणि त्याच रस्त्यावर भर दुपारी बारा वाजता एक अख्खी जागा मोकळी पडली होती. दोन पांढऱ्या पट्ट्यांमध्ये, बसमध्ये रुमाल टाकून धरलेल्या सीटसारखी. तिच्या डोक्याशी उभ्या असलेल्या खांबावरचा इवलासा दिवा मात्र ठासून सांगत होता, की इथे गाडी उभी आहे. दंडाच्या भीतीने लोक नुसते बघायचे, चुकचुकायचे आणि पुढे जायचे.

"मावशी, हा तिसरा गुरुवार," यंत्रवाली मोजणीबाईंना म्हणाली. "बाकी सहा दिवस ही जागा गरीब गाईसारखी वागते. गुरुवार आला की अंगात येतं तिच्या."

यंत्रवाली म्हणजे ठेकेदाराकडची इंजिनिअर. तिशीच्या आतली, पाठीवर बॅग, तोंडाला विश्रांती नाही. रस्त्यातल्या साठही जागांखाली तिने यंत्रं पुरली होती. वर गाडी आली की दिवा लाल, गेली की हिरवा. या यंत्रांमुळेच महिनाअखेर मोजणी विभागाला टाळं लागणार होतं. तरी ती पोरगी मोजणीबाईंना आवडायची, यातच मोजणीबाईंचा स्वभाव आला.

मोजणीबाई बावीस वर्षं पालिकेसाठी हे रस्ते पायी मोजत आल्या होत्या. कुठे किती गाड्या लागतात, किती वेळ लागतात, कोण हलतं, कोण ठाण मांडून बसतं. शहर वाढलं, गाड्या वाढल्या. रस्ता काही रबराचा नाही, तो होता तेवढाच राहिला. फुकटची जागा म्हणजे फुकटचं सरबत. तहान नसलेलाही दोन पेले घेतो. म्हणून साहेबांनी नव्या धोरणाचा ठराव मांडला होता. जागा शंभरात पंच्याऐंशीपेक्षा जास्त भरल्या की तासाचा दर वाढवायचा, ओस पडल्या की उतरवायचा. दर असा ठेवायचा, की कुठल्याही वेळी येणाऱ्याला रस्त्यात एखादी तरी जागा मिळावीच. दर ठरणार होता यंत्रांच्या आकड्यांवर, आणि एकतीस नंबर दर गुरुवारी खोटं बोलत होता.

"खालचं यंत्र बदललं, वायर बदलली, खांबसुद्धा बदलला," यंत्रवाली टॅब पुढे करत म्हणाली. "आता तुम्हीच बघा. वेळसुद्धा कशी घड्याळ लावल्यासारखी. साडेअकराच्या जरा आधी लाल होतो, तीनला हिरवा. मागचे दोन्ही गुरुवार, आणि आज लागला तोही त्याच वेळी. काय असतं हो मावशी इथे गुरुवारी?"

मोजणीबाईंनी वेळा वाचल्या. चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. वेळा त्याच होत्या.

"काही नसतं," त्या म्हणाल्या. आणि त्याच क्षणी त्यांना तो आवाज आला. कोरड्या काचेवर रबर घासल्याचा. खर्र... खट्. खर्र... खट्. त्यांनी मागे वळून बघितलं. रस्त्यावर कुणाच्याही गाडीचे वायपर चालू नव्हते. आभाळ स्वच्छ होतं.

"मावशी, बरं वाटत नाहीये का?"

"उन्हाचं गं. तू जेवून घे, जा."

जेवायच्या सुट्टीत मोजणीबाई कचेरीच्या तळघरात उतरल्या. मोजणीचे जुने तक्ते तिथे गठ्ठ्यांनी पडले होते. सगळे शनिवारी रद्दीत जायचे होते, लगद्यासाठी. अकरा वर्षांपूर्वीचा गठ्ठा त्यांना शोधावाच लागला नाही. तो कुठे आहे हे त्यांना अकरा वर्षं झोपेतही ठाऊक होतं.

मोजणीचं काम असं असतं. दर अर्ध्या तासाला एक फेरी. साठ जागा, वीस मिनिटं. प्रत्येक गाडीच्या पाटीवरचे शेवटचे चार आकडे जागेच्या नंबरापुढे लिहायचे. पुढच्या फेरीला तीच गाडी असेल तर आकडे पुन्हा लिहीत बसायचं नाही, खाली दोन बारक्या रेघा मारायच्या. डिट्टो. डिट्टो मोजले की कोण किती वेळ थांबलं ते कळतं. मोजणीबाईंना शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मुकादमाने पहिल्याच दिवशी दम भरला होता: "पाटीकडे बघायचं. गाडीत बघायचं नाही. आत कोण बसलंय, कुणाबरोबर बसलंय, ते आपलं खातं नव्हे. लोक चिडतात, मारायला धावतात." तो गेला, पण शिस्त राहिली. मोजणीबाई वाकायच्या, चार आकडे टिपायच्या, पुढे जायच्या. बावीस वर्षांत त्यांनी लाखो गाड्या बघितल्या असतील. त्यांतली पहिली अकरा वर्षं एकाही गाडीत डोकावल्या नाहीत.

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या गुरुवारी अकराच्या फेरीला एकतीसमध्ये दुसरीच गाडी होती. साडेअकराला तिथे एक राखाडी गाडी आली होती. ५२१८. बारा वाजता डिट्टो. साडेबाराला डिट्टो. एकच्या फेरीला डिट्टोपुढे शेऱ्याच्या रकान्यात, त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: "वायपर चालू. बॅटरी उतरेल."

दीडला आकड्याखाली डिट्टो, आणि शेऱ्याखालीही डिट्टो. दोनला डिट्टो, शेरा: "वायपर बंद." अडीचला डिट्टो. म्हणजे एकदा आकडे आणि सहा वेळा डिट्टो. सात फेऱ्या.

तीन वाजता त्या आठव्या फेरीला आल्या तेव्हा गाडीभोवती गर्दी होती. कुणीतरी काच वाजवून कंटाळून शेवटी फोडली होती. स्टिअरिंगवर एक माणूस होता. पन्नाशीतला, इस्त्रीचा शर्ट, वरच्या खिशाला पेन. डॉक्टर आला आणि म्हणाला, अर्धा तास झाला असेल जाऊन. लोक हळहळले. कुणी म्हणालं, आत्ताच लावली असेल बिचाऱ्याने गाडी. दुसऱ्याने मान डोलावली. दहा मिनिटांत ते खरंच होऊन बसलं. पांढऱ्या पट्टीपाशी पॅड घेऊन उभ्या असलेल्या बाईला कुणी काही विचारलं नाही. आणि तिने आठव्या फेरीच्या रकान्यात लिहिलं: "गर्दी. दिसत नाही."

मोजणीबाईंनी तक्त्याची घडी घातली आणि ब्लाउजमध्ये सरकवली. सरकारी कागद चोरायची ही त्यांची पहिली वेळ.  पण तो कागद अकरा वर्षं तिथेच तर होता.

आता ही गोष्ट एवढ्यावरच असती, तर मोजणीबाईंनी ती एकटीने निभावून नेली असती. बायका याहून मोठमोठी गाठोडी पोटात घेऊन धुणी धुतात. अडचण त्या माणसाच्या बायकोची होती.

कचेरीत त्यांना सगळे चार तासवाल्या बाई म्हणायचे. एका शाळेत ग्रंथपाल होत्या. बाजारातल्या जागांबद्दल गेल्या अकरा वर्षांत जेवढ्या सुनावण्या झाल्या, त्या प्रत्येकीला त्या आल्या होत्या. शांतपणे उठायच्या आणि एकच गोष्ट सांगायच्या: "माझ्या मिस्टरांनी मला अकरा वाजता वकिलांच्या दारात सोडलं. म्हणाले, तू वर जा, मी गाडी लावून आलोच. ते चार तास या रस्त्यांवर जागा शोधत फिरले. जागा मिळाली, आणि त्या श्रमाने त्यांचा जीव गेला. फुकट जागा फुकट नसते हो. तिची किंमत कुणीतरी देतंच."

एवढं झालं की सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी. दर लावायला विरोध करणारे दुकानदारसुद्धा मान खाली घालायचे. साहेब खूश. "त्या बाई म्हणजे आपला हुकमाचा एक्का," ते म्हणायचे. "पुढच्या गुरुवारची सुनावणी शेवटची. त्या बोलल्या की ठराव पास झालाच म्हणून समजा."

ठराव चांगला होता. मोजणीबाईंना तो मनापासून पटत होता. गिऱ्हाइकाला जागा नाही म्हणून जे शेठ गळा काढायचे, त्यांच्याच गाड्या सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत आपापल्या दुकानापुढे डिट्टो, डिट्टो, डिट्टो असायच्या. पण चार तासवाल्या बाई ज्या खांबाला टेकून अकरा वर्षं उभ्या होत्या, तो खांबच पोकळ आहे हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. आणि आता एका दिव्याला.

"अहो, झोपलात का?"

"झोपलो होतो," नवरा म्हणाला. दुपारची वेळ, रविवार. निवृत्त बसड्रायव्हर माणूस. उभ्या आयुष्यात मिळाली नाही ती दुपारची झोप आता व्याजासकट वसूल करत होता.

मोजणीबाईंनी तक्ता त्याच्या छातीवर ठेवला आणि सगळं सांगितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. तो उठून बसला. तक्ता लांब धरून वाचला, मग जवळ धरून वाचला.

"म्हणून तू मला गाडीत एकट्याला बसू देत नाहीस होय?" तो म्हणाला. "आणि मी समजत होतो, बायकोचं प्रेम."

"चेष्टा नको."

"चेष्टा नाही गं. परवा त्या दवाखान्याबाहेर तू लोकांच्या गाड्यांच्या काचांना नाक लावत होतीस, तेव्हा तो वॉचमन मला म्हणाला, काका, या बाई तुमच्याबरोबर आहेत का? मी म्हटलं, नाही."  बायकोच्या चेहऱ्याकडे बघून त्याने तक्ता नीट घडी करून तिच्या हातात दिला. "सांगणार आहेस तिला?"

"सांगितलं तर तिचं उरलंसुरलं जातं. आणि ठरावही बुडतो. नाही सांगितलं तर..." त्यांनी खिडकीकडे मान वळवली. "तुम्हाला आत्ता काही ऐकू येतंय का?"

"काय?"

"काही नाही."

नवऱ्याने उशी पाठीशी घेतली. मग म्हणाला, "बत्तीस वर्षं बस चालवली. उतारू चुकीच्या स्टॉपवर उतरला आणि आपण ते बघितलं, तर हाक मारायची असते. तो शिव्या देईल, उशीर झाला म्हणून मागचे बोंबलतील. तरी मारायची असते. दुसरं मला काही कळत नाही."

गुरुवारी सुनावणी चारला होती. चार तासवाल्या बाई नेहमीसारख्या दुपारीच आल्या आणि वकिलांच्या इमारतीच्या पायरीवर बसल्या. तिथून एकतीस नंबर समोरच दिसायचा. पावणेदोन वाजले होते. जागा रिकामी होती. दिवा लाल होता.

"बसू का?" मोजणीबाईंनी विचारलं.

"पायरी काही माझ्या नावावर नाही," बाई हसल्या. पर्स उचलून त्यांनी जागा केली. "तुम्हाला बघितलंय मी. सुनावणीला शेवटच्या रांगेत असता. कधी बोलत मात्र नाही."

"आज बोलायचंय."

मोजणीबाईंनी तक्ता उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला. बाईंनी आधी वरची तारीख वाचली. मग त्यांचं बोट एकतीस नंबरावर गेलं आणि तिथेच थांबलं. गाडीचा नंबर बायकांना सहसा पाठ नसतो म्हणतात. यांना होता.

"ह्या बारक्या रेघा कसल्या?"

"डिट्टो. म्हणजे तीच गाडी. जागची हललेली नाही."

बोट एकेका रेघेवरून खाली सरकत गेलं आणि पुन्हा वर आलं. "साडेअकरा?"

"हो."

"म्हणजे हे फिरत नव्हते."

"नाही. जागा मिळाली होती. तुम्हाला सोडून वळले असतील, तेवढ्यात समोरची गाडी निघाली असेल."

बाईंनी मान वर केली. दुसऱ्या मजल्यावर वकिलांची खिडकी होती, बरोबर त्या जागेच्या डोक्यावर. "त्या खिडकीत बसले होते मी," त्या म्हणाल्या. "ह्यांचा फोन माझ्या पर्समध्ये. गाडी चालवताना नको म्हणून माझ्याकडेच द्यायचे. एकदा उठून वाकून बघितलं असतं, तर गाडीचं टप दिसलं असतं." मग त्यांनी शेऱ्याचा रकाना वाचला. मोठ्याने, शाळेत पोरांना वाचून दाखवावं तसा. "वायपर चालू. बॅटरी उतरेल." त्यांनी शेऱ्यावर बोट ठेवलं. "अक्षर तुमचं?"

"माझंच."

"कोरड्या दिवशी वायपर."

"हो. काचेवर ऊन होतं, आतलं काही दिसत नव्हतं. आणि मी बघितलंही नाही. आम्हाला गाडीत बघायचं नसतं. मला वाटलं, कुणीतरी किल्ली तशीच ठेवून गेलंय. आता कळतं, हात लांब करताना लागलं असेल ते. किंवा कुणीतरी बघावं म्हणून मुद्दाम..."

"तुम्हाला बॅटरीची काळजी वाटली," बाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

 एक गाडी हळू झाली, आतल्या माणसाने रिकाम्या जागेकडे आशेने बघितलं, लाल दिवा बघून हात उडवला आणि तो पुढे गेला.

"छातीत जळजळतंय म्हणत होते येताना," बाई अचानक म्हणाल्या. "घराच्या कागदांवर दोघांच्या सह्या व्हायच्या होत्या. मी म्हटलं, सही करायची वेळ आली की तुम्हाला नेमकं काहीतरी होतं. दार आपटून उतरले. हे कुणाला सांगितलेलं नाही मी." तक्त्याचा कोपरा त्या बोटाने सरळ करत राहिल्या. "फिरून फिरून गेले, असं मानलं की दोष रस्त्याचा होतो."

"मला ठाऊक होतं, तरी अकरा वर्षं गप्प बसले."

"का?"

"भ्याले. आधी नोकरीला भ्याले, मग तुम्हाला. तुम्ही सभेत उभ्या राहिलात की वाटायचं, हिचा आधार आपण कशाला काढायचा? स्वतःच्या भित्रेपणाला दया म्हणायची सवय लागते माणसाला."

"मग आज का सांगताय?"

मोजणीबाईंनी लाल दिव्याकडे बोट केलं. आणि तो दर गुरुवारी कधी लागतो, कधी विझतो ते सांगितलं. "तो सांगायला लागला होता," त्या म्हणाल्या. "म्हटलं, त्याच्या आधी मी सांगावं."

चार तासवाल्या बाईंनी दिव्याकडे खूप वेळ बघितलं. मग तक्ता घडी करून पर्समध्ये ठेवला, कपडे झटकले आणि उठून गेल्या. त्या वळल्या ते पलीकडच्या फुटपाथला. एकतीसच्या पट्टीवर त्यांनी पाय दिला नाही.

सभागृह भरलं होतं. बटनांचं दुकान असलेले बटनवाले शेठ आधी बोलले. दर लावला तर गिऱ्हाईक पळेल, दुकानं बुडतील, शहर ओस पडेल. त्यांची गाडी खाली बारा नंबरात सकाळी नऊपासून उभी होती. मग साहेबांनी आदबीने नाव पुकारलं आणि चार तासवाल्या बाई उठल्या. शेवटच्या रांगेत मोजणीबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं.

"गेली अकरा वर्षं मी इथे खोटं सांगत आले," बाई म्हणाल्या. "मला ते खोटं आहे हे माहीत नव्हतं, एवढंच. माझे मिस्टर चार तास जागा शोधत फिरले नाहीत. त्यांना लगेच जागा मिळाली. खिडकीखाली. ते तिथे साडेतीन तास बसून होते आणि तिथेच गेले. हा त्याचा कागद."

सभागृहात कुजबुज उठली. बटनवाल्या शेठचा चेहरा उजळला. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"थांबा, मी बसले नाही अजून," बाई म्हणाल्या. "आज दुपारपासून मी स्वतःला एकच विचारतेय. चार तास नवरा वर आला नाही, तर मी खाली का उतरले नाही? वकिलांच्या कारकुनाला मी तीनदा म्हटलं, अजून कसे आले नाहीत हो. तो म्हणाला, जागा मिळत नसेल, काल एक पक्षकार दोन तास फिरत होते. आणि मला ते पटलं! चार तास! तुम्हा कुणाला पटलं नसतं का? अकरा वर्षं पटलंच की सगळ्यांना. एकानेही उठून विचारलं नाही, बाई, चार तास कुणी फिरतं का? कारण या रस्त्यावर फिरतात. जिथे दहा मिनिटांत जागा मिळते, तिथे अकराव्या मिनिटाला बायको जिना उतरते. मला कुणी उतरू दिलं नाही. तुमच्या दराचं काय करायचं ते करा. मला एवढंच सांगायचं होतं."

त्या बसल्या. टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, पण या वेळची शांतता निराळी होती. कुणी मान खाली घातली नव्हती. जो तो आपल्या घरच्या माणसाला कधी किती वेळ लागला होता, ते आठवत असावा.

ठराव पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. बाहेर जिन्यात साहेबांनी मोजणीबाईंना गाठलं. "तो कागद आला कुठून हो?"

"रद्दीतून, साहेब."

"चौकशी लागू शकते."

"लागू दे. मोजायची सवय आहे, दिवस मोजीन."

चौकशी लागली नाही. बदलीचा हुकूम मात्र आला. महिनाअखेरीपासून जन्म-मृत्यू नोंदणी. हुकूम वाचून नवरा म्हणाला, "चला, आता तरी आत कोण आहे ते बघायचा पगार मिळेल."

पुढचा गुरुवार मोजणीबाईंच्या मोजणीचा शेवटचा. यंत्रांचे आकडे पायी ताडून बघायचे होते, म्हणून साहेबांनी दिवसभराच्या फेऱ्या लावल्या होत्या. अकराच्या फेरीला एकतीसमध्ये कुणाची तरी निळी गाडी होती. ती निघून गेली. सव्वाअकराच्या सुमारास दिवा लाल झाला. यंत्रवाली पलीकडे कपाळाला हात लावून उभी राहिली. आणि तेवढ्यात कोपऱ्यावरून एक जुनी राखाडी गाडी वळली, लाल दिव्याला न जुमानता दोन पट्ट्यांमध्ये सरळ शिरली आणि थांबली. ड्रायव्हरच्या बाजूची काच इतर काचांपेक्षा नवी होती.

मोजणीबाई साडेअकराला तिथे पोचल्या. वाकल्या, आकडे बघितले. ५२१८. त्या सरळ झाल्या आणि त्यांनी काचेवर टकटक केली.

काच चार बोटं खाली आली. "विकली नाही कधी," चार तासवाल्या बाई म्हणाल्या. "नंतर चालवायला शिकले. पण या रस्त्यावर आज पहिल्यांदा आणली. तीनपर्यंत बसेन म्हणते."

"बसा. मी अर्ध्या तासाने येते."

"माहीत आहे."

बारा वाजता मोजणीबाई आल्या, टकटक केली, आत बघितलं. साडेबाराला आल्या.  "पाणी हवंय?" "आहे." एवढंच.

एक वाजता ऊन डोक्यावर होतं. काच चकाकत होती. मोजणीबाईंनी हात वर केला, आणि काचेला हात लागायच्या आधी तो आवाज आला. खर्र... खट्. खर्र... खट्. या वेळी तो कानात नव्हता. समोर वायपर हलत होते. कोरड्या काचेवर, डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

काच खाली आली. चार तासवाल्या बाईंचे दोन्ही हात मांडीवर होते, पर्सच्या पट्ट्यावर. "मी नाही," त्या म्हणाल्या. "किल्ली पर्समध्ये आहे."

मोजणीबाई पळाल्या नाहीत. पलीकडे यंत्रवाली उभी होती. तिचं तोंड उघडं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यातून काही बाहेर पडत नव्हतं. मोजणीबाईंनी पॅड गाडीच्या टपावर ठेवलं, फेरी तिथेच सोडली, बाजूचं दार उघडलं आणि आत बसल्या. बावीस वर्षांत मोडली नव्हती अशी ती फेरी.

"आहोत आम्ही," चार तासवाल्या बाई समोर बघत म्हणाल्या. कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. "दोघी आहोत."

वायपर आणखी काही वेळ चालले. मग मधेच, काचेच्या मध्यावर थांबले.

पुढच्या फेऱ्या मोजणीबाईंनी नेमाने केल्या. दीड, दोन, अडीच. दर वेळी टकटक, दर वेळी काच चार बोटं खाली. तीन वाजता गाडी निघाली आणि दिवा हिरवा झाला. दोन मिनिटांत एक लाल गाडी शिरली त्या जागेत, जसं काही झालंच नाही.

संध्याकाळी यंत्रवालीने ताडून बघायला तक्ता मागितला. एकतीस नंबरापुढे सात फेऱ्यांत कुठेही डिट्टो नव्हता. सातही वेळा ५२१८ पूर्ण लिहिलं होतं. आणि शेऱ्याच्या रकान्यात, सातही वेळा, टपोऱ्या अक्षरात: "आत माणूस आहे."

एकच्या फेरीत मात्र 'माणूस आहे' खोडून 'माणसं आहेत' केलेलं होतं.